नातू ‘फुटी’ खेळतो, त्याचं पुढे काय?

मैदानी टपाल : वाचकांचे प्रश्न, बडोद्याच्या पीटी सरांची उत्तरं

प्रश्न : सर, माझा मुलगा आणि सून बरीच वर्षं ऑस्ट्रेलियात, बेंडिगोजवळ राहतात. नातू सतरा वर्षांचा आहे. आधी क्रिकेट खेळायचा, आता लांबट चेंडूचा तो त्यांचा फुटबॉल, ‘फुटी’ म्हणतात तो, खेळतो. यंदा ‘बेंडिगो पायोनियर्स’ नावाच्या संघात त्याची निवड झाली आणि तेव्हापासून घरात दोन तट पडलेत. मुलगा म्हणतो, आधी इंजिनियरिंग. नातू म्हणतो, ड्राफ्टमध्ये, म्हणजे मोठ्या क्लबांच्या निवडीत, नाव आलं तर पाठवतील त्या शहरात जाणार. सून फोनवर रडते. हा खेळ आहे तरी काय? यात पोट भरतं का? गुडघा-बिडघा गेला तर? आणि मुलगा शाकाहारी आहे हो. डिंकाचे लाडू पाठवू का?
एक आजी, दांडिया बाजार

उत्तर : ताई, लाडवांपासून सुरुवात करतो, कारण तेवढंच उत्तर सोपं आहे. पार्सलच्या भानगडीत पडू नका. बाहेरून येणाऱ्या खाद्यपदार्थांबाबत तो देश भलता कडक आहे. कोणी जाणारं असेल तर त्याच्याबरोबर द्या आणि उतरताना भरायच्या कार्डावर ‘खायचे पदार्थ आहेत’ असं स्वच्छ लिहायला सांगा. लपवाछपवी केली तर लाडू जातात आणि वर दंड बसतो. शाकाहाराची काळजी नको. डाळ, दूध, पनीर, शेंगदाणे आणि पोटभर भात यांवर मी पोलो ग्राउंडवर खो-खोची पोरं घडवली आहेत. शिवाय तिथे क्लबात आहार सांगणारी माणसं पगारावर असतात.

आता खेळ. माझी मुलगी बेंडिगोतच नर्स आहे, त्यामुळे हा प्रकार मी टीव्हीपेक्षा कुंपणाला टेकून जास्त पाहिला आहे. मैदान क्रिकेटचंच, लंबवर्तुळाकार. एका बाजूला अठरा माणसं. दोन्ही टोकांना चार-चार उभे खांब, आडवी दांडी नाही. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर एक गुण, म्हणजे नेम चुकल्याचंही थोडं बक्षीस. चेंडू फेकायचा नाही. लाथेने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. घेऊन पळायचं तर दर पंधरा मीटरला जमिनीवर आपटायचा, आणि लांबट चेंडू आपटून पुन्हा हातात येणं ही काय गंमत आहे ते घरी करून पाहा. कोणी लाथाडलेला चेंडू पंधरा मीटर तरी येऊन हवेत स्वच्छ झेलला की खेळ थांबतो आणि झेलणाऱ्याला मोकळी लाथ मिळते. त्या झेलासाठी पोरं दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा टेकून वर चढतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं आता पंच शिट्टी वाजवणार. पंचाने झेल दिला. वीस-वीस मिनिटांचे चार डाव, पण थांबलेला वेळ मोजत नाहीत, त्यामुळे प्रत्येक डाव अर्ध्या तासाकडे जातो.

हा खेळ मुळात क्रिकेटवाल्यांचाच. १८५८ साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने मेलबर्नच्या वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, की हिवाळ्यात खेळाडू सुस्तावतात, तर फुटबॉलचा क्लब काढा. पुढच्या वर्षी, मे १८५९ मध्ये, चार डोकी बसली आणि नियम कागदावर आले. आपल्या हिंद विजय जिमखान्याने हुतूतूच्या नियमांना शिस्त लावली ती १९२३ मध्ये, याच बडोद्यात. हे आपल्या पोरांना कोणी सांगत नाही, म्हणून जाता जाता सांगून ठेवतो.

तुमचा प्रश्न मात्र मोठ्या स्टेडियमचा नाही, गावाकडच्या पोराचा आहे. तिकडचा शनिवार समजला तर नातवाचा हट्ट समजेल. हिवाळ्यात शनिवारी सकाळपासून गाव मैदानाकडे निघतं. फाटकावर एक म्हातारा खुर्ची टाकून पैसे घेतो. मोटारी सीमारेषेभोवती नाक मैदानाकडे करून लावतात आणि गोल झाला की सगळे हॉर्न वाजवतात. थंडी वाजली तर गाडीत बसून सामना पाहायचा. सकाळी लहान पोरांचे सामने, मग राखीव संघ, दुपारी मुख्य संघ. शेजारच्या कोर्टावर त्याच क्लबाच्या मुली-बायका नेटबॉल खेळत असतात. क्लबाच्या नावातच फुटबॉल आणि नेटबॉल दोन्ही असतं, म्हणजे भाऊ-बहीण एकाच गाडीतून येतात. कँटीनमध्ये पोरांच्या आया ‘मीट पाय’ विकतात, म्हणजे खिम्याचं पॅटिस समजा, वर टोमॅटो सॉस. गोलचा पंच दोन पांढरी निशाणं फडकावतो. मुख्य संघात कोण असतं? वायरमन, शेतकरी, शाळेतले मास्तर. आणि त्यांच्यात एखादा तिशीतला गडी, ज्याला पूर्वी टीव्हीवर पाहिलेलं असतं. त्याच्याबद्दल पुढे.

या शनिवारातूनच वर जाणारी शिडी निघते. वरची लीग म्हणजे एएफएल, ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, अठरा क्लबांची. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राज्यापुरती सुरू झाली, १९९० मध्ये नाव देशाचं झालं. तिच्याखाली अठरा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा १९९२ पासून आहे आणि नातवाचे पायोनियर्स तिच्यातलेच. प्रदेश त्यांचा अफाट. बेंडिगोपासून चारेकशे किलोमीटरवरच्या मिल्डुराची पोरंही याच संघाची. म्हणून म्हणतो, गावाकडच्या खेळाडूची कारकीर्द त्याच्या आईबापांच्या गाडीच्या टाकीवर चालते. पोरगं मागच्या सीटवर गृहपाठ करतं किंवा झोपतं. तुमची सून रडते त्यातलं थोडं रडू ड्रायव्हिंगचंही असेल.

चांगला खेळला तर राज्याच्या गावाकडच्या संघात निवड. व्हिक्टोरियाचे दोन संघ उतरतात, शहराचा वेगळा आणि गावांचा वेगळा, आणि एकमेकांना हरवण्यात त्यांना जो आनंद मिळतो तो पाहण्यासारखा असतो. मग ऑक्टोबरात चाचण्या : वीस मीटर धाव, उडी, दोन किलोमीटरची शर्यत आणि मुलाखती. मग नोव्हेंबरात ड्राफ्ट. त्या वर्षी शेवटी आलेला क्लब पहिल्यांदा पोरगा निवडतो, विजेता सगळ्यांच्या मागून. देशभरातून साठ-सत्तर नावं. निवड क्लबाची. मुलाने हो म्हणायचं आणि बॅग भरायची.

पूर्वी असं नव्हतं. साठच्या दशकाच्या अखेरीपासून ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत गावाकडचे पट्टे क्लबांना वाटून दिलेले होते. बेंडिगोचा भाग कार्लटनकडे. म्हणजे तिथलं चांगलं पोरगं मेलबर्नला, कार्लटनकडेच जाणार हे घरात सगळ्यांना ठाऊक. दीड-दोन तासांचा रस्ता, रविवारी जेवायला घरी. १९८६ मध्ये ड्राफ्ट आला आणि नकाशा उधळला. आता बेंडिगोचं पोरगं पर्थला जाऊ शकतं. मेलबर्नहून पर्थ म्हणजे विमानाने चार तास. अठराव्या वर्षी.

ताई, मला विचाराल तर खरी धास्ती गुडघ्याची नाही, याची आहे. क्लबांनाही ती कळते. पहिलं वर्षभर मुलांना एखाद्या घरात ठेवतात. तिथली बाई जेवायला घालते आणि रात्री उशीर झाला तर विचारते. तरी कितीतरी पोरं करार संपला की घराजवळच्या क्लबात बदली मागतात. त्यात लाज काही नाही. पॅट्रिक डेंजरफिल्ड हा मॉग्ज क्रीक नावाच्या किनाऱ्यावरच्या वस्तीतला. २००७ च्या ड्राफ्टमध्ये ॲडलेडने दहावा घेतला. पठ्ठ्या लगेच गेला नाही. २००८ चं वर्ष घरी राहून त्याने बारावी पुरी केली, मग गेला. ॲडलेडमध्ये नाव कमावलं आणि २०१५ चा हंगाम संपल्यावर घराजवळच्या जीलाँगकडे आला. आल्या वर्षीच ब्राउनलो पदक मिळालं, म्हणजे पंचांच्या मतांनी हंगामातला सर्वांत उत्तम आणि सभ्य खेळाडू. २०२२ मध्ये अजिंक्यपदही. हे उदाहरण तुमच्या मुलाला आणि नातवाला, दोघांनाही वाचून दाखवा. दोघांचंही त्यात बरोबर निघतं.

नातू बहुधा डस्टिन मार्टिनचं नाव घेत असेल. बेंडिगोपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या कॅसलमेनचा, याच पायोनियर्सचा. २००९ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर रिचमंडने घेतला. अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक तीनदा घेणारा तो एकटाच. पोरांना असे लोक दिसतात, ते साहजिक आहे. मला त्याच ड्राफ्टमधला नॅट फाइफ जास्त आवडतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गव्हाच्या पट्ट्यातलं लेक ग्रेस गाव, घरचा ट्रकचा धंदा, शिकायला पर्थच्या बोर्डिंगात. निवड झाली ती विसाव्या क्रमांकावर. त्याच्या आधी एकोणीस जणांची नावं घेतली गेली, आणि ब्राउनलो पदकं त्याने दोन मिळवली. न्यू साउथ वेल्समधल्या फिनलीचा टॉम हॉकिन्सही शेतावरचा आणि मेलबर्नच्या बोर्डिंगातला. अशा मुलांनी घर आधीच एकदा सोडलेलं असतं, त्यामुळे अठराव्या वर्षी ती कमी हलतात. तुमच्या नातवाची ती तालीम झालेली नाही. ड्राफ्टच्या आधी त्याला स्वतःचे कपडे धुवायला आणि वरणभात लावायला शिकवा. गंमत करत नाही.

पैसा. २०२३ मध्ये लीग आणि खेळाडू संघटनेत पाच वर्षांचा करार झाला, पुरुष आणि महिला मिळून २.२ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा. पुरुष खेळाडूची सरासरी २०२७ पर्यंत वर्षाला पाच लाख डॉलरच्या वर जाईल असं त्यात धरलं आहे. मुलाला हा आकडा सांगा, गप्प बसेल. पण तुम्ही सरासरीवर जाऊ नका. वरचे थोडे फार मोठं घेतात. नव्या मुलाला पहिला करार बहुधा दोन वर्षांचा मिळतो, त्याचा पगार बराच खाली असतो आणि सामन्यात उतरला तरच वर काही. ज्यांची नावं टीव्हीवर वाजत-गाजत घेतली जातात त्यांतले बरेच जण पन्नास सामनेही न खेळता बाहेर पडतात. हंगाम संपला की क्लब बोलावतो, दहा मिनिटांत सांगतो, आणि एकवीस-बावीस वर्षांचं पोरगं माजी खेळाडू होतं. आमच्या बडोद्याने सांगलीच्या विजय हजाऱ्यांना आणलं तेव्हा संस्थानचा आश्रय होता, खेळ थांबला तरी चूल चालू राहायची. तिथेही एकेकाळी खेळाडू आठवडाभर नोकरी करून शनिवारी खेळत. आता खेळ हीच नोकरी, म्हणून ती गेली की सगळंच जातं.

म्हणून माझी अट एकच : हाताला दुसरं काम. खेळाडूंची संघटना शिक्षणासाठी मदत करते, ती पहिल्या वर्षापासून घ्यावी. इंजिनियरिंग एका वेळी एक-दोन विषय घेऊन करता येतं, सुतारकाम-वायरिंगही शिकता येतं. तिकडच्या वायरमनची कमाई ऐकलीत तर इंजिनियरिंगचा आग्रह तुमचा मुलगा स्वतःच सोडेल.

आणि तो तिशीतला गडी? वरून परत आलेला. गावाकडचे क्लब अशांना पैसे देऊन खेळवतात, इतके की चढाओढ आवरायला खर्चाची मर्यादा आणि प्रत्येक खेळाडूमागे गुण मोजायची पद्धत आणावी लागली. मोठ्या खेळाडूला जास्त गुण, पण गावातच वाढलेला असेल तर कमी. म्हणजे नियमच सांगतो, आपल्या पोराला घरी घ्या. हा धागा तुटू देऊ नका. नातू कुठेही गेला तरी गावच्या क्लबाच्या लोकांना फोन करत राहू दे.

दुखापत. गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध (एसीएल) तुटला तर वर्ष जातं. बहुतेक जण परत येतात. डोक्याचं वेगळं. डोक्याला मार बसून भोवळ आली तर एएफएलमध्ये आता किमान बारा दिवस खेळता येत नाही, आणि हा नियम उगाच आलेला नाही. डॅनी फ्रॉली हा बॅलारॅटजवळच्या बंगारीचा, बटाटा पिकवणाऱ्या घरातला, सेंट किल्डाचा कप्तान. २०१९ मध्ये मोटार अपघातात गेला. नंतर मेंदू तपासला तेव्हा वारंवार मार बसल्याने होणारा सीटीई हा आजार त्यात निघाला. घाबरवत नाही. पण नातवाकडून एक वचन घ्या : डोकं गरगरलं तर लपवायचं नाही, अंतिम सामना असला तरी. आजीला दिलेलं वचन पोरं प्रशिक्षकाला दिलेल्यापेक्षा जास्त पाळतात.

एक गोष्ट मुलाला विचारायला सांगा. आईवडिलांपैकी कोणी आशियात किंवा आफ्रिकेत जन्मलेलं असेल तर क्लबांच्या खास अकादमीत अशा मुलांना जागा असते. तुमचा मुलगा सयाजी रुग्णालयात जन्मलेला असो की माहेरी मिरजेला, दोन्ही चालेल.

प्रश्न : मी एम.एस. युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे. उंची सहा फूट तीन इंच, कबड्डीत कव्हरला खेळतो. एएफएलमध्ये परदेशी खेळाडू घेतात असं ऐकलं. मला संधी आहे का? एकजण निवड-शिबिरासाठी पैसे मागतो आहे.
एक विद्यार्थी, मांजलपूर

उत्तर : पैसे देऊ नकोस. खरा क्लब शोधायला येतो तेव्हा तिकीट तो काढतो.

संधी आहे का, तर दार आहे, फट बारीक आहे. डब्लिनचा जिम स्टाइन्स गेलिक फुटबॉल, म्हणजे आयर्लंडचा देशी फुटबॉल, खेळणारा. १९८४ मध्ये मेलबर्न क्लबाने नेला. १९८७ च्या उपांत्य सामन्यात शेवटच्या क्षणी तो दुसऱ्याच्या मोकळ्या लाथेसमोरून धावत गेला, पंधरा मीटरचा दंड झाला, म्हणजे समोरच्याला तेवढ्या जवळून लाथ मिळाली, आणि संघ हरला. दुसरा कोणी आयर्लंडला परतला असता. याने १९९१ मध्ये ब्राउनलो मिळवलं आणि सलग २४४ सामने खेळला. अमेरिकेचा मेसन कॉक्स कॉलेजात बास्केटबॉल खेळायचा. कॉलिंगवुडने घेतला आणि २०२३ च्या विजेत्या संघात तो होता. पण त्याची उंची २११ सेंटिमीटर आहे, तुझ्यापेक्षा वीतभर जास्त. आणि दोघेही हवेतला चेंडू झेलायला आधीपासून सरावलेले. कबड्डीत आपण चेंडूच पाहत नाही, बाबा.

भारताचा हौशी संघ २००८ मध्ये मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला होता. मजा म्हणून खेळायचं असेल तर जरूर शोध घे. पोटासाठी म्हणशील तर प्रो कबड्डी २०१४ पासून तुझ्या दारात आहे. कव्हरचा माणूस त्यांना नेहमी हवा असतो.

प्रश्न : मुलींना यात काही आहे का? माझी भाची पर्थला असते, शाळेत खेळते.
कारेलीबाग

उत्तर : आहे. महिलांची लीग २०१७ मध्ये सुरू झाली आणि आता अठराही क्लबांचे महिला संघ आहेत. हंगाम छोटा, पैसे पुरुषांपेक्षा बरेच कमी, त्यामुळे बहुतेक जणी नर्स, शिक्षिका, फिजिओ अशा नोकऱ्या सांभाळून खेळतात. वर आजींना जी अट घातली ती या मुली आधीच पाळताहेत.

प्रश्न : ज्या खेळात पाठीवर चढतात त्यावर मराठी मासिकाने पानं का घालवावी? हुतूतूवर लिहा.
निजामपुरा

उत्तर : हुतूतूत सात जण एकाच्या अंगावर पडतात, ते आपल्याला सोज्वळ वाटतं. हुतूतूवर गेल्या अंकात लिहिलं होतं. आपण तो अंक वाचला नसावा.

आणि एकदा पाहूनच ठरवा ना. १९७० चा अंतिम सामना मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर १,२१,६९६ लोकांनी पाहिला. मध्यंतराला ४४ गुणांनी मागे पडलेलं कार्लटन जिंकलं. हल्लीही अंतिम सामना साधारणपणे सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी असतो. तिथे दुपारी अडीच, म्हणजे आपल्याकडे सकाळचे दहा. सेव-उसळ आणून बसा, आणि दांडिया बाजारच्या आजींना बोलवा. आता त्यांना तुमच्यापेक्षा जास्त नियम माहीत आहेत.